८,६७९ रुपयांना पडलेला '३०० वॅट'चा डबा

आधीच सांगून टाकतो: मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो. अठरा वर्षं झाली. दर वर्षी नव्या पोरांसमोर फळ्यावर व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट असं लिहितो, आणि मलाच एका भामट्यानं २४ व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात ६०० वॅट भरून विकले. हे लिहिताना कान गरम होताहेत, पण लिहितोय. गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी मला "तो स्वस्तातला क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर कुठून घेतला रे?" असं विचारलं, आणि दोघांकडेही त्याच जाहिरातीचा फोटो होता.

हिशोब असा. टोकन १,५००. उरलेले ५,९९९. मग 'कस्टममध्ये अडकलंय' म्हणून १,१८०. एकूण ८,६७९ रुपये, सगळे यूपीआयने, सगळे माझ्या हातानं, माझा पिन टाकून. त्यानंतर 'रिलीज चार्ज' म्हणून आणखी २,३६० मागितले होते, ते दिले नाहीत. तेवढी एक अक्कल शिल्लक होती.

वडिलांचे जुने बुकशेल्फ स्पीकर आहेत, ८ ओहमचे. त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर दिवाळीच्या आधी गेला. तो उचलायलाच दोन माणसं लागायची, आतला ट्रान्सफॉर्मर म्हणजे पाटा. म्हटलं, आता पुस्तकाएवढा क्लास डी घेऊ. वहीत कोष्टक मांडलं. एकीकडे आवाज मोठा करणारी टीपीए ३११६ ही चिप असलेले छोटे डबे, अडीच हजारांच्या आतबाहेर. दुसरीकडे टीपीए ३२५५ चिपवाले, म्हणजे फोसी व्ही३, आयिमा ए०७ ही मॉडेलं. ३११६ ला जास्तीत जास्त २६ व्होल्टचा पुरवठा चालतो. ३२५५ पन्नाशीच्या पुढे जाते. ही चिप तीच असली, तरी सोबत ३२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर येतो की ४८ चा यावर डब्याची खरी ताकद ठरते. हे सगळं मला माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं! वही अजून आहे, दाखवतो हवी तर.

३२५५ चा डबा ४८ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरसकट मला दहा हजारांच्या वरच पडत होता. आणि सेकंडहँड वस्तूंच्या एका अ‍ॅपवर दिसला ७,४९९ ला. 'सीलपॅक, ३०० + ३०० वॅट, ४८ व्होल्ट ५ अँपिअर अ‍ॅडॉप्टर, इम्पोर्टेड.' विक्रेता म्हणाला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकान आहे, जुना स्टॉक काढतोय. बोलणं इतकं गोड की विचारू नका. प्रत्येक वाक्याला 'सर'. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, कारण 'इम्पोर्टेड माल आहे सर'. इम्पोर्टेड असण्याचा आणि डिलिव्हरीला पैसे घेण्याचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.

आता तो क्षण. रात्री झोप येत नाही तेव्हा मी याच क्षणावर येऊन थांबतो.

टोकन देण्याआधी मी शहाणपणानं म्हटलं, मागच्या बाजूचा फोटो पाठवा. त्यानं लगेच पाठवला. मी मोठा करून बघितला. स्पीकरचे टर्मिनल धातूचे आहेत का, गाण्याची वायर खोचायचे आरसीए सॉकेट सरळ बसलेत का, व्हॉल्यूमच्या खुंटीला रेघ आहे का. आणि सॉकेटच्या खाली, पांढऱ्या अक्षरांत, स्वच्छ छापलेलं: डीसी १२ ते २४ व्होल्ट.

मला ते दिसलं. दिसलं नाही असं नाही. मी त्याला विचारलंसुद्धा, "४८ चा अ‍ॅडॉप्टर म्हणताय आणि इथे २४ का छापलंय?" तो म्हणाला, "सर, कॅबिनेट जुन्या मॉडेलचं आहे, आतला बोर्ड नवीन. प्रिंट जुनी राहिली." आणि मी म्हणालो, "अच्छा."

अच्छा! वर्गात एखाद्या पोरानं असलं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बेंचवर उभं केलं असतं. २४ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे जास्तीत जास्त किती मिळणार? २४ चा वर्ग ५७६, भागिले ८ ची दुप्पट १६, म्हणजे ३६ वॅट. तेही कागदावर. ३२ व्होल्टला ६४, ४८ ला १४४. म्हणजे खरा ३२५५ आणि खरा ४८ चा अ‍ॅडॉप्टर असता तरी माझ्या स्पीकरला ३०० मिळणार नव्हतेच. चिपच्या कागदपत्रात तीनशेच्या घरातला आकडा आहे तो ४ ओहमला, पन्नासेक व्होल्टवर, आणि आवाज १० टक्के फाटलेला असताना. ४८ व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे २४० वॅट. त्यातून ६०० कुठून येतील? हे गणित दहावीचा पोरगा करतो. डब्यावर काय लिहिलंय ते सोडा, अ‍ॅडॉप्टरवरचे दोन आकडे गुणा. दुसरं काही वाचूच नका.

पण माझ्या बाजूनंही थोडं ऐका. क्लास डीचं सगळंच असं असतं की ठकाला ते फावतं. खरा डबाही एवढासाच, खराही हलका, खराही स्वस्त, आणि नवे नवे ब्रँड इतके की अर्ध्यांची नावं उच्चारता येत नाहीत. पार्सल आलं तेव्हा बायकोनं ते एका हातात उचललं आणि म्हणाली, "अहो, हे रिकामंच वाटतंय." तर मी तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. यात ट्रान्सफॉर्मर नसतो, यात ट्रान्झिस्टर नुसते चालू-बंद होतात, नव्वद टक्के वीज स्पीकरला जाते म्हणून उष्णता बाहेर टाकणारं मोठं हीटसिंकही लागत नाही. सगळं खरं. ती "बरं" म्हणून आत गेली. आता घरात ट्रान्सफॉर्मर हा शब्द निघाला तरी ती हसते.

त्याआधीच कस्टमचे १,१८० गेले होते. मुंबईच्या दुकानातला 'जुना स्टॉक' कस्टममध्ये कसा अडकेल? हेही मला तेव्हा सुचलं नाही. कस्टम ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर भरायची नसते, एवढं लक्षात ठेवा.

डबा उघडला. अ‍ॅडॉप्टर निघाला २४ व्होल्ट ३ अँपिअर. ७२ वॅट! विक्रेत्याला मेसेज केला, एक टिक. फोन केला, कट. उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नव्हता, ती चूक पुढे पाच ठिकाणी नडली. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, नोंदणीचा आर नंबर होता, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला तर भलत्याच कंपनीचा मोबाइल चार्जर निघाला. हा नंबर तपासायला अर्धं मिनिट लागतं. विक्रेत्याकडे अ‍ॅडॉप्टरच्या लेबलचा फोटो आधीच मागा.

आमच्या गल्लीत रेडिओ-टेपवाले काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी हीटसिंकचे स्क्रू काढले, चिपवर टीपीए ३२५५ असं झकास लिहिलेलं. मला क्षणभर वाटलं, निदान चिप तरी खरी आहे. काकांनी कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून फिरवला, अक्षरं बोळ्याला आली. "आता चिपचे पाय मोज," म्हणाले. एका बाजूला १६. ३२५५ ला ४४ पाय असतात, बाजूला २२. ३११६ ला ३२. "अरे, ही तर तीच रोजची. पण तुला एवढ्याशा खोलीत लागतात किती वॅट? चार-पाच. हाच डबा दोन हजारांना घेतला असतास तर खूश झाला असतास." त्यांनी ३०० रुपये घेतले. तो आकडा मी वरच्या हिशोबात धरलेला नाही.

मग सुरू झाली खरी वारी.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीनं झाला, आम्ही काय करणार? अ‍ॅपवाल्यांकडे माणूसच नाही, यंत्र उत्तर देतं: 'आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, आपला अनुभव कसा होता?' पाच तारे द्यायची सोय होती. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोपर्यंत पैसे देऊन तेरा दिवस झाले होते. तक्रार घेतली, नंबर मिळाला, पण एवढ्या दिवसांत रक्कम पुढे गेलेली असते. तेव्हा पहिल्या तासात फोन करा, पार्सलची वाट बघत बसू नका, लाज तर मुळीच धरू नका. मी लाजेत चार दिवस घालवले.

पोलीस ठाण्यात चार चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला गेलेले. दुसऱ्यांदा एका हवालदारानं डबा उलटासुलटा करून विचारलं, "मास्तर, हा डीजेला लावता का?" मी म्हटलं, घरी गाणी ऐकायला. "मग वाजतो ना?" वाजतो. "मग फसवणूक कशी? वस्तू मागवली, वस्तू आली, वाजतेय. दिवाणी मामला आहे, ग्राहक कोर्टात जा." मी पाय मोजून दाखवले. अ‍ॅसिटोनचा बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला होता, तो दाखवला. त्यांनी पिशवी बाजूला सारली, म्हणाले, "हे लॅबचं काम आहे." तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच मात्र 'सर्व्हर डाउन' म्हणून दिली नाही. साध्या कागदावर शिक्का मारायला कुठला सर्व्हर लागतो? पोच घेतल्याशिवाय हलू नका. मी हललो, आणि आता त्या अर्जाचा मागमूस नाही. चौथ्यांदा गेलो तर टेबलावर नवा माणूस, आणि पुन्हा पहिल्यापासून, "अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे?"

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे चांगलंच आहे. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे होतं एक नाव, तेही बहुधा खोटं, आणि एक बंद पडलेला नंबर. सुट्टीच्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो, ग्रँट रोडपर्यंत पोहोचून सांगितलेली इमारत शोधली. इमारत होती. त्या नावाचं दुकान कधी नव्हतंच. शेजारच्या वायर विकणाऱ्यानं मला बघूनच विचारलं, "अ‍ॅम्प्लिफायरवाले का? तुम्ही या महिन्यातले तिसरे."

परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, फोटो तोच, भाव ६,९९९. मागच्या बाजूचा फोटो आता आधीपासूनच जोडलेला आहे, कुणी मागायची गरज नाही. मी मोठा करून बघितला. सॉकेटच्या खालचा २४ चा आकडा पुसून टाकलाय.