चौदाचा पंखा काढला, बाराचा लावला

माझी बोट सोळा फुटी, फायबरची. मागे ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर मागच्या टोकाला बसवलेलं इंजिन आहे. इंजिनासोबत आलेला पंखा (प्रोपेलर) ११ १/४ × १४ होता आणि चार वर्षं मी तोच चालवला. सहा महिन्यांपूर्वी तो काढून ११ ३/८ × १२ चा, तीन पात्यांचा अॅल्युमिनियमचा पंखा बसवला. हा बदल चार वर्षं आधी करायला हवा होता, ही हळहळ अजून जात नाही. म्हणून हे लिहितोय.

पंख्यावर कोरलेला पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जायला हवा, तो पिच. पाणी लाकडासारखं घट्ट नाही, त्यामुळे तो प्रत्यक्षात कमीच सरकतो. त्या तुटीला स्लिप म्हणतात. व्यास बराचसा गिअरकेस (पंखा जिच्यावर बसतो ती खालची गिअरची पेटी) आणि गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) यांवरून ठरून येतो. आपल्यासारख्यांनी विचार करायचा तो पिचचा.

आता माझं दुखणं सांगतो. बोटीत पाच माणसं, टाकी भरलेली, बर्फाची पेटी. थ्रॉटल पूर्ण दाबला तरी नाळ (बोटीचं पुढचं टोक) वरच राहायची, समोरचं काही दिसायचं नाही आणि बोट प्लेनवर यायला, म्हणजे पाण्यावर उचलली जाऊन सपाट धावायला, जीव खायची. इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा टॅकोमीटर ४,७०० च्या वर जायचा नाही. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ५,००० ते ६,००० आरपीएम दिलेली आहे. म्हणजे दर सहलीला मी इंजिन ओझ्याखाली दाबून चालवत होतो, भरलेली गाडी चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटावी तसं. अशा वेळी सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, कार्बन साचतो, आणि त्याचा मार पिस्टन-बेअरिंगवर पडतो. विकत घेताना मला सांगितलं गेलं होतं, ‘पिच मोठा तेवढा वेग जास्त.’ रिकाम्या बोटीला ते लागू पडतं. माझी बोट रिकामी कधी असते?

पंखा निवडण्याआधी दोन गोष्टी केल्या. तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडून काढले, कारण घाण तळ एकटाच आरपीएम खाली ओढतो. मग पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या साधारण बरोबरीत आहे ना, ते पाहिलं. ती फार वर असेल तर वळणावर पंखा हवा ओढतो. ४,७०० हा आकडा हे सगळं केल्यानंतरचा आहे. पिच एक इंचाने उतरवला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, हा ढोबळ हिशोब. मला पाच हजारांच्या वर जायचं होतं, म्हणून दोन इंच खाली आलो.

बदलायला अर्धा तास लागला. इंजिन बंद पाडणाऱ्या किल स्विचची दोरी काढली, गिअर न्यूट्रलला टाकला, पातं आणि वरची पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवला, नटाची पिन सरळ करून ओढली आणि नट सोडला. जुना पंखा निघाला तसा मागच्या जाड वॉशरखाली तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) दिसला. हिरवट, आठ-दहा वेढे, इतका घट्ट की नखाने उचलेना. ब्लेडच्या टोकाने एकेक वेढा कापून काढला. हाच तंगूस आत सरकत पाणी अडवणाऱ्या सीलपर्यंत पोहोचला की पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं आणि ऑइल दुधासारखं पांढरं होतं. मी लगेच गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून थेंब पाहिला. काळाच होता. जीव भांड्यात पडला. पंखा जुना असो वा नवा, वर्षातून दोनदा काढून तिथे नजर टाकाच. शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावलं, नवी पिन घातली, झालं.

चाचणीला तीच पाच माणसं, तेवढंच पेट्रोल. धाकटा भाऊ फोनवर जीपीएसचा वेग वाचत होता, मी टॅकोमीटर. ट्रिम (इंजिनाचा कल) नीट करून पूर्ण थ्रॉटल दिला, तर ५,१०० आरपीएम आणि २२ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). जुन्या पंख्यावर याच ओझ्याने २१ मिळत होते. पिच कमी, तरी वेग जास्त! याचं उत्तर स्लिपमध्ये आहे. आरपीएमला पिचने गुणायचं, गिअर रेशोने आणि मग १,२१५ ने भागायचं, की कागदावरचा वेग नॉटमध्ये मिळतो. माझा रेशो १.८५ आहे. चौदाचा कागदावर २९ च्या वर, पाण्यात २१. बाराचा कागदावर २७, पाण्यात २२. जुना पंखा पाणी घुसळण्यातच ताकद घालवत होता. वेगापेक्षा मला आनंद झाला तो नाळ पटकन खाली आल्याचा. भाऊ म्हणाला, “दादा, समोरचं दिसतंय!”

एकटा असताना मात्र दीड नॉट गेले, २८ चे साडेसव्वीस झाले. तेव्हा आरपीएम ५,६५० पर्यंत जातो, म्हणजे मर्यादेच्या आतच. तोच वेग राखायला इंजिन जास्त फिरतं, त्यामुळे आवाज वाढलाय, आणि लांबच्या पल्ल्याला तो जाणवतो. उथळ वाळूत दोनदा पंखा घासला, तर पात्यांच्या पुढच्या कडांचा रंग गेला. एका टोकाला खाच पडली होती, ती बारीक कानसीने गुळगुळीत केली.

स्टेनलेस स्टीलचा घ्यावा का, असं विचारणारे भेटतात. त्याचं पातं पातळ आणि ताठ असतं, पकड चांगली असते, हे खरंच. पण मी दगडाळ, उथळ पाण्यात फिरतो. तिथे आपटल्यावर अॅल्युमिनियमचं पातं वाकून किंवा तुटून मार स्वतःवर घेतं. स्टेनलेस सहज वाकत नाही, मग धक्का गिअरपर्यंत जाण्याचा धोका जास्त. खोल, मोकळ्या पाण्यातल्यांनी जरूर घ्यावा.

हबमध्ये, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागात, रबरी बुश असतो, त्यासाठी मी मार्करने आतल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ मारून ठेवली आहे. बुश सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. इंजिन गुरगुरतंय आणि बोट जागची हलत नाही, अशी वेळ आली तर आधी ती रेघ बघणार. आजपर्यंत ती सरळच आहे. चौदाचा पंखा जास्तीचा नट, दोन पिना आणि लाकडाच्या ठोकळ्यासकट पुढच्या कप्प्यात ठेवलाय. एकट्याने लांब जायचं असेल त्या दिवशी तोच लावतो.