चुण्या माझ्या हाताच्या नव्हत्या

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी एका सुईचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन चालवते. बचत गटाच्या कर्जातून घेतलेलं. ब्लाउजच्या बाह्या आणि शाळेचे मोनोग्राम, एवढंच काम. दिवाळीनंतर एक फोन आला आणि मी धरून आम्ही तिघी मशीनवाल्या बाया मिळून 49,000 रुपये घालवून बसलो. तोच फोन आता आजूबाजूच्या गावांत फिरतोय, म्हणून हे लिहितेय.

बोलणारा फार आदबीनं बोलायचा, प्रत्येक वाक्याला "ताई". कंपनी नागपूरची, कपड्यावर शिवायच्या गोल भरतकामाच्या पॅचचं काम, नगाला 18 रुपये. कापड, भरताना कापडामागं आधाराला लावायचा पेपर, धागा, डिझाइनची फाइल सगळं तेच देणार. आधी 20 नमुने मागितले. ते मी करून पाठवले, दोन दिवसांत 360 रुपये खात्यात जमा झाले. मग प्रत्येकीला 500 पॅचची ऑर्डर आली आणि मालाची अनामत म्हणून प्रत्येकी 15,000 रुपये भरायला लावले. स्टॅम्प पेपरवर करार झाला. त्यात एक ओळ होती: कामाच्या दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील. ती ओळ मी वाचली होती, पण नमुने पास झालेलेच होते, त्यामुळे मनात शंका आली नाही.

ऑर्डरचा माल आला आणि पहिल्याच पॅचपासून बिनसलं. फ्रेममध्ये असताना पॅच सपाट दिसायचा. फ्रेम सोडली की काठाभोवती कापड आक्रसायचं आणि कड उन्हात वाळलेल्या पापडासारखी वर यायची. मी सुई बदलली, धाग्याचं टेन्शन सैल केलं, स्पीड उतरवला. रात्री लाइट येईल तेव्हा उठून बसायची. सासूबाई म्हणाल्या, "तुया हाताले काय झालं वं, माय?" ते शब्द माझ्या फार आत गेले. सात वर्षं मशीनवर काढलेली बाई मी, आणि मलाही वाटायला लागलं की आपलाच हात बिघडला.

पहिले 200 पॅच पाठवले. उत्तरात फोटो आले, प्रत्येक चुणीभोवती लाल गोल. सगळा माल नापास, अनामत जप्त, वर कापडाच्या नुकसानीचे पैसे भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस. आमच्यातल्या एकीनं घाबरून आणखी 4,000 भरले. बाकी दोघींचंही तसंच झालं होतं, पण लाजेपायी आम्ही एकमेकींना महिनाभर सांगितलंच नाही. त्या माणसांचा सगळा धंदा या लाजेवर चालतो, हे मला फार उशिरा कळलं.

पुढं धागा आणायला नागपूरला गांधीबागेत गेले, तेव्हा पिशवीत दोन पॅच होते, एक नमुन्याचा आणि एक ऑर्डरचा. दुकानात एक वयस्कर कारागीर बसले होते. त्यांनी दोन्ही उलटे करून उजेडात धरले. नमुन्याच्या मागचा पेपर हातानं फाटेना, कात्रीच लागली. ऑर्डरच्या पॅचमागचा पेपर टाक्यांच्या ओळीवर पोस्टाच्या तिकिटासारखा भोकाभोकांनी सुटून आला. म्हणजे भरतकाम अर्धं होईपर्यंत कापडाला मागून धरायला काही उरतच नव्हतं. कापडही वेगळं निघालं. नमुन्याचं जाड ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं कापड; ऑर्डरचं पातळ आणि आडवं ओढलं की ताणणारं. ते म्हणाले, "बाई, हात तुमचा बरोबर आहे. फाइलमधे टाके किती आहेत ते घरी जाऊन पाहा."

घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला. फाइलचं नाव तेच, आकार तोच 7 सेंटिमीटर. नमुन्याच्या फाइलमध्ये टाके सात हजारांच्या आसपास, ऑर्डरच्या फाइलमध्ये तेरा हजारांच्या वर. प्रत्येक टाका कापड थोडं आत ओढतो. भरावाच्या, म्हणजे आतली जागा भरणाऱ्या टाक्यांच्या, ओळींमध्ये साधारण 0.4 मिलिमीटर अंतर असलं तर कापड ते सोसतं. ओळी दुप्पट दाट केल्या, खाली फाटणारा पेपर आणि वर ताणणारं कापड दिलं, तर चुणी पडणारच, मशीनवर कोणीही बसो. अनामत घेतानाच त्यांनी चुण्या पाठवल्या होत्या.

आता कोणाचंही पॅचचं काम आलं की मी आधी फाइलचे टाके नमुन्याशी ताडून पाहते. पेपरचा तुकडा दोन्ही दिशांनी ओढते. सहज फाटला तर दाट भरावाला वापरत नाही, कापून काढायचा जाड पेपरच घेते. पेपर आणि ट्विल एकत्र फ्रेममध्ये बसवते. पेपरवर टिचकी मारली की डफासारखा वाजला पाहिजे, पण कापड नुसतं सपाट हवं. फ्रेम कसल्यावर कापड ओढून घ्यायची सवय बहुतेकींना असते, मलाही होती. ओढलेलं कापड फ्रेम सुटली की मागं येतं आणि टाके येत नाहीत, चुणी तिथं पडते. भरावाखाली अंडरले, म्हणजे आधाराचे विरळ टाके, असायलाच हवा, आणि डिझाइन मधून सुरू होऊन बाहेर जावं, काठाची सॅटिन, म्हणजे दाट टाक्यांचा पट्टा, शेवटी. सुई 75/11 नंबरची, स्पीड मिनिटाला 600 टाक्यांच्या आत. सॅटिन उलटी करून पाहायची. मध्ये एक तृतीयांश बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, पांढरा धागा दिसला तर टेन्शन बरोबर. पांढरा दिसतच नसेल तर वरचा धागा सैल आहे, आणि पट्टा रुंद दिसला तर तो जास्त ओढतोय.

पैसे यूपीआयनं गेले होते. 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर त्याच दिवशी फोन केला असता तर रक्कम कदाचित खात्यात अडवता आली असती, मी अडीच महिन्यांनी केला. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, सोबत करार, दोन्ही फाइली आणि दोन्ही पॅच जोडलेत. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 आहे, अर्जात ते लिहिलं. "तुम्हीच खराब काम केलं असेल" असं ठाण्यातही ऐकावं लागलं, तेव्हा दोन्ही पेपर टेबलावर ठेवून साहेबांनाच फाडून पाहायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी अर्ज घेतला.

परवा आर्णीकडं राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला फोन आला. कंपनीचं नाव वेगळं, बाकी बोलणं तेच, आधी 20 नमुने. तिला मी दोन्ही पेपरचे तुकडे पाकिटातून पाठवले आहेत.