हिरवं वांगं, काजळी तपकिरी आणि क्रीम : आमच्या लोगोचे रंग, दिवाळी ते जून

जळगावात आमचं भरीत सेंटर आहे. दिवाळीच्या तोंडावर नवा लोगो केला. तेव्हापासून हे तीन रंग बोर्डावर, डब्याच्या स्टिकरवर, बिलावर आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवर चालू आहेत. एक हिवाळा आणि एक खानदेशी उन्हाळा निघाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पहिला वाद झाला जांभळ्यावरून. डिझायनर पुण्याचा, त्यामुळे त्याच्या नमुन्यात वांगं जांभळं. आमच्याकडे भरताचं वांगं हिरवं, पांढुरक्या रेघांचं. २०१६ साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय. जांभळं लावलं असतं तर या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोद गावचा माणूस बोर्डाखालून हसत गेला असता. मग हिरवा पक्का झाला. काड्यांवर भाजलेल्या सालीचा काळसर तपकिरी अक्षरांना घेतला आणि मागे क्रीम.

तपकिरी सगळ्यांत कामाचा निघाला. बिलाचा प्रिंटर एकरंगी, रबरी शिक्काही एकरंगी, तरी नाव ठसठशीत उठतं. फिका हिरवा पांढऱ्यावर अक्षरांना कधीच घेऊ नका, दोन हातांवरूनही वाचता येत नाही.

हिरव्याबद्दल दोन गोष्टी. मोबाइलवर तो जितका टवटवीत दिसतो तितका छापून येत नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शायांतून तो जुळवते, आणि चकचकीत हिरवा तिथे बसतच नाही. म्हणून फाइल पास करण्याआधी छापील नमुना हातात घ्या. दुसरं ऊन. आमचा बोर्ड पश्चिमेला, एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापतो. हिरव्यातली पिवळी शाई आधी उडाली आणि वांगं निळसर पडलं. पण शेजारच्या लाल बोर्डाची दशा त्याहून वाईट, पार फिका गुलाबी झालाय. तपकिरी मात्र जवळपास तसाच आहे. आता बोर्डावर वांग्याची नुसती तपकिरी रेघ ठेवणार, आत रंग भरणार नाही.

स्टिकरवर शाकाहाराची हिरवी खूण हिरव्या पट्टीत हरवत होती, ती क्रीमवर आणली. तिखट आणि मध्यम भरतासाठी लाल आणि हिरवा ठिपका होता. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, त्यातही पुरुष, बरेच असतात. काउंटरवर गोंधळ व्हायचा, म्हणून आता शब्दच छापतो.

क्रीमवर मात्र मी खूश नाही. दिसतो छान, पण तेलाचं बोट लागलं की डाग तो डागच. भरताला तेल सढळ, त्यात पोरं घाईत डबे भरतात. लॅमिनेशन केल्यावर पुसून निघतो, पण स्टिकरचा खर्च वाढला. टी-शर्टवर तर क्रीम घेऊच नका, आम्ही तपकिरी शर्टावर क्रीम अक्षरं घेतली आणि ती धुऊनही चांगली राहिलीत.

रंग शोधायला कूलर्स (Coolors) ही रंगांचे संच सुचवणारी वेबसाइट वापरली. स्पेसबार दाबला की पाच रंगांचा नवा संच येतो, आवडला तो रंग लॉक करायचा. आधी तपकिरी लॉक करा आणि मग बाकीचे शोधा.