मोबाईलवर दणदणीत वाजला तेव्हाच उठून यायला हवं होतं

पैसे जाऊन अडीच महिने झाले, राग बराचसा उतरलाय, म्हणून लिहायला बसलोय. सेकंडहँड हेडफोन घेताना फसलो, एकोणीस हजार गेले. घरी अकरा सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी बायकोसमोर विषय काढू नका.

मी गोव्यातल्या म्हार्दोळच्या बाजूचा. भजनात पेटी वाजवतो, नोकरी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत. गाणं ऐकायला मिळतं ते रात्री साडेदहानंतर आणि त्या वेळी स्पीकर लावला की आई उठते, मुलाचा अभ्यास असतो, शेजारचा कुत्रा साथीला बसतो. म्हणून हेडफोन. आणि आमच्या भागात एक रोग आहे बघा, मंगेशी हे अभिषेकीबुवांचं गाव, केरी गायिका केसरबाई केरकरांची, मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी तर साळावली धरणाखाली गेली पण नाव अजून रोज निघतं, त्यामुळे इथं प्रत्येकाला वाटतं सूर आपल्याला जन्मापासूनच कळतो. मलाही वाटायचं. त्याच घमेंडीत फसलो.

फोंड्याला माझा एक मित्र आहे, मस्कतला बारा वर्षं होता, कमावलं त्यातलं बरंचसं हेडफोनात घातलं असं त्याची आई म्हणते. त्याच्याकडे सेनहायझरचा एचडी ६००, एकेजीचा के७०२, बायरडायनॅमिकचा डीटी ८८० आणि हायफायमॅनचा सुंदरा, चारही आहेत. सगळे मागून उघडे (डीटी ८८० अर्धा उघडा), म्हणजे जाळीतून आवाज बाहेर जातो, बसमध्ये लावायचे नव्हेत, पण गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही. दर रविवारी त्याच्याकडे जाऊन मी हे चारही आलटून पालटून ऐकायचो, चार महिने तरी हेच केलं. के७०२ वर ऑर्केस्ट्रा लावला की मंच केवढा मोठा होतो, व्हायोलिन इथं, चेलो तिथं, मागे ढोल, कला अकादमीत मधल्या रांगेत बसल्यासारखं. पण त्याच हेडफोनवर तबला लावा, डग्ग्याच्या पोटातली हवाच गेलेली. डीटी ८८० वर तानपुऱ्याची जवारी अशी झणकते की पहिली दहा मिनिटं आपण खूश, नंतर पेटीच्या वरच्या सप्तकाला कान चावायला लागतो. सुंदरा वेगळ्या जातीचा, त्यात नेहमीची कॉइल आणि कोन नाही, चुंबकांच्या मधे ताणलेला पातळ पडदा असतो आणि तो अख्खा हलतो, डग्ग्याची मींड त्याच्यावर सगळ्यात स्वच्छ ऐकू येते. पण गळा म्हणाल, माणसाचा गळा, तर तो एचडी ६०० चाच. १९९७ चं मॉडेल, अजून विकलं जातं. २००३ मध्ये आलेला त्याचा भाऊ एचडी ६५०, तो खालच्या अंगाला जरा भरलेला, वरचं जरा मऊ. मला रात्री ख्याल ऐकायचे असतात, मी ठरवलं ६५०.

नवीन घ्यायचा तर तीस हजारांच्या पुढे. म्हणून सेकंडहँड बघत होतो. एका खरेदी-विक्रीच्या अॅपवर जाहिरात दिसली, एचडी ६५०, कानावरचे पॅड नवे, बावीस हजार, जागा म्हापसा. फोन केला. माणूस गोड बोलणारा, मला लगेच पात्रांव, म्हणजे मालक, म्हणायला लागला. बोटीवर कामाला आहे, म्हणाला. आमच्या गोव्यात घरटी एक माणूस बोटीवर, त्यामुळे त्यात संशय घेण्यासारखं काही वाटलंच नाही, उलट वाटलं तारवटी माणूस, बाहेरून ओरिजिनलच आणला असणार. बिल? हरवलं. बॉक्स? तो केबिनमध्ये राहिला. आणि मग ते वाक्य, "पळयात पात्रांव, हांव परवां बोटीर वतां, घेवपाचें जाल्यार आयजूच घेयात." म्हणजे परवा तो बोटीवर जाणार, घ्यायचा तर आजच. हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्याकडून आता मी टाचणीसुद्धा घेणार नाही, पण त्या दिवशी हाफ डे टाकून स्कूटरला किक मारली.

शुक्रवार होता, म्हापशाला बाजाराची ही गर्दी. बाजाराजवळच्या एका हॉटेलात भाजी-पाव खात सौदा झाला, हे वाचूनच काही जणांनी कपाळावर हात मारला असेल. बाजूला गिऱ्हाइकं, बाहेर बसचे हॉर्न, पंखा करकरतोय आणि मी उघड्या पाठीचा हेडफोन टेस्ट करतोय. हेडफोन हातात घेतला तर सगळं बरोबर, वजन बरोबर, रंग बरोबर, केबल दोन्ही कानांना वेगवेगळी लागते तशी, नवे पॅड. ओरिजिनलच होता हो, बाहेरून! ते पुढे सांगतो.

मोबाईलला लावला आणि केसरबाईंची भैरवी सुरू केली, १९७७ च्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली तीच. निम्म्या व्हॉल्यूमला दणदणीत आवाज. मी गार. मी म्हणालो, याला अॅम्प, म्हणजे वेगळा अॅम्प्लिफायर, लागतो ना? तर तो हसून म्हणाला, हा स्पेशल ट्यून केलेला आहे, मोबाईलवरही चालतो. आणि मला आनंद झाला! अॅम्पचे सहा-सात हजार वाचले म्हणून. मित्राकडे चार महिने बसून मी स्वतः त्याच्या तोंडून ऐकलं होतं की ६५० ची कॉइल ३०० ओहमची असते, म्हणजे विजेला अडथळा मोठा, तिला व्होल्टेज जास्त लागतं आणि साध्या मोबाईलवर हा हेडफोन मुळमुळीत वाजतो. म्हणजे जी गोष्ट ऐकून उठून यायला हवं होतं ती ऐकून मी अजून घट्ट बसलो.

दुसरी एक गोष्ट कानाने सांगितली होती. भैरवीचं ते रेकॉर्डिंग मोनो आहे, दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळे बाई बरोबर मधोमध, कपाळासमोर गायला पाहिजेत. मला त्या किंचित उजवीकडे वाटल्या. मी काय केलं असेल? हेडफोन काढून उलटा घातला असता तर कळलं असतं की बाई डावीकडे सरकतात का जागेवर राहतात, म्हणजे दोष हेडफोनचा का माझ्या कानाचा. मी मात्र ठरवून टाकलं की परवाच सर्दी झाली होती, डावा कान जड असेल. माणसाला वस्तू घ्यायचीच असते तेव्हा तो स्वतःच्या कानाला पण खोटं पाडतो.

यूपीआय केलं, एकोणीसला तुटलं, त्याने वर चहाचे पैसे दिले.

आठवडाभर मी हवेत. बारीक आवाजाच्या जुन्या रेकॉर्डवर काही वावगं कळतच नव्हतं, कारण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या त्या जुन्या तबकड्यांत मुळात खालचं अंग फारसं नाही आणि वरचंही नाही, राहतो तो मधला पट्टा आणि तेवढा तर कुठलाही हेडफोन बरा वाजवतो. मी ऐकत होतो नव्वद टक्के तेच. वर हा माझा हेडफोन मोठ्याने वाजायचा, आणि आवाज वाढला की कानाला खालचे-वरचे सूर जास्त लागतात, गाणं भरल्यासारखं वाटतं. दुकानदारांची ही जुनी युक्ती आहे म्हणे, जो खपवायचा तो एक घर वर वाजवायचा.

रविवारी मित्राकडे गेलो, मिरवायलाच. त्याने पहिलं काम काय केलं तर फोमच्या जाड तुकड्याला भोक पाडून त्यात बसवलेला एक छोटा माइक बाहेर काढला. हेडफोन त्याच्यावर दाबायचा, खरखर वाजवायची आणि दोन्ही हेडफोनची पातळी सारखी करायची, मगच तुलना. माझ्या हेडफोनसाठी त्याला अॅम्पचा बटण कितीतरी खाली आणावा लागला. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

मग मी माझं स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं, घरच्या चवथीच्या आरतीचं. घुमट, म्हणजे आमचं कातडं लावलेलं मातीचं वाद्य, वाजवायला माझा चुलतभाऊ होता, मी त्याच्या शेजारी हातभर अंतरावर पेटी घेऊन, रेकॉर्डर गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली खुर्चीवर ठेवलेला. त्या दिवशी काय ऐकलं ते मला कुणी सांगायची गरज नाही. मातीच्या घुमटावर बोट पडतं तेव्हा आधी कातड्याची टपकन चापट येते, मग आतली हवा गुंगते आणि मागच्या तोंडावरचा हात दाबला की ती गुंग वाकते. मित्राच्या ६०० वर हे तिन्ही वेगवेगळं ऐकू आलं, मागे स्वयंपाकघरात आईने झाकण ठेवलं ते पण. मग तीच पातळी ठेवून माझा घातला. घुमटाची चापट गायब, नुसतं ढुम्म ढुम्म, लग्नातल्या डीजेसारखं. झांजा म्हणजे पत्र्यावर वाळू. आणि माझी पेटी, जी मी पंचवीस वर्षं वाजवतोय, ती दुसऱ्याच कुणाची तरी होती.

मला घाम फुटला. मित्र उठला आणि मल्टीमीटर घेऊन आला, तो इलेक्ट्रिशियनकडे असतो तसला पिवळा, दोन-तीनशे रुपयांचा. केबलचा जॅक घ्यायचा, एक पिन बुडाच्या भागाला, दुसरी टोकाला, म्हणजे डावा कान मोजला जातो, मग मधल्या कड्याला, म्हणजे उजवा. त्याच्या ६०० वर दोन्हीकडे आकडा तीनशेच्या आसपास. माझ्यावर डावा ३१, उजवा ३४. तीनशेच्या जागी एकतीस! आणि दोन्ही कान एकमेकांशी पण जुळत नाहीत, म्हणजे सर्दीचा काही संबंध नव्हता, केसरबाई खरोखरच बाजूला सरकल्या होत्या.

मग उघडला. या हेडफोनचं कौतुक म्हणजे तो हाताने सुटा होतो, पॅड ओढले की निघतात, जाळी निघते, ड्रायव्हरची, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाची, अख्खी चकती बाहेर येते, आणि बहुतेक भाग वेगळे विकत मिळतात, म्हणून लोक वीस-वीस वर्षं एकच वापरतात. नेमका त्याचाच फायदा घेतलेला. सांगाडा खरा, जाळ्या खऱ्या, पॅड नवे आणि आत कुठल्यातरी स्वस्त हेडफोनचे ड्रायव्हर ग्लू गनने चिकटवलेले. गोंदाचे गोळे सुकून पिवळे पडलेले, एका बाजूला गोंद कमी पडला म्हणून दुहेरी टेपचा तुकडा. खरे ड्रायव्हर त्याने काढून वेगळे विकले असणार असा मित्राचा अंदाज, म्हणजे एका हेडफोनची दोन गिऱ्हाइकं. मी बाहेरून ओरिजिनल तपासत बसलो, तो बाहेरून ओरिजिनलच विकत होता.

फोन केला तर बंद. जाहिरात गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट दिले, म्हापशाच्या पोलीस स्टेशनात लेखी पण दिलंय. खातं ज्या नावाने होतं ते त्याने मला सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं, आणि हे पैसे पाठवताना स्क्रीनवर स्पष्ट दिसलं होतं. मी विचारलं होतं तर म्हणे मेव्हण्याचं आहे. तेव्हाही मी मान डोलावली. आणि पैसे गेले तेव्हा लगेच, त्याच दिवशी १९३० ला फोन करायचा असतो, पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते, मी आठवड्याने केला.

तो हेडफोन आता मुलगा गेम खेळायला वापरतो. म्हणतो पप्पा, बेस भारी आहे.

गेल्या शनिवारी मडगावला एका कॉलेजच्या पोराकडे के७०२ बघायला गेलो होतो. या वेळी त्याच्या घरी गेलो, पंखा बंद करायला लावला, आरतीचं रेकॉर्डिंग नेलं होतं, हेडफोन सरळ घालून ऐकला, उलटा घालून ऐकला आणि डिकीतून मल्टीमीटर काढला तेव्हा पोराची आई दारात येऊन बघत उभी राहिली, तिला वाटलं लाईटवाला आलाय. के७०२ हा ६२ ओहमचा. दोन्हीकडे एकसष्ट दाखवलं. पोरगा खुशीत, म्हणाला, काका, घेताय ना मग? हेडफोन खरा होता, भावही बरोबर होता. पैसे मात्र बोटीवर गेले होते.