ऑडिओ इंटरफेस अकरा महिने वापरल्यावर: हम, ५९० रुपये आणि अर्थिंग

माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. साडेसात हजारांचा, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस गेल्या श्रावणात घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण झालं ते सर्व्हिस सेंटरशी, आणि दोष शेवटी तिसरीकडेच निघाला. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, ४८ व्होल्ट हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही.

घेतला तो आईसाठी. ती ७१ वर्षांची आहे. तिच्या बाईंनी दिलेल्या बंदिशी थोड्या वहीत आहेत, बाकीच्या नुसत्या गळ्यात. आधी मोबाइलवर करत होतो. पण मोबाइल स्वतःच्या मनाने आवाज वरखाली करतो. आई तार षड्जावर गेली की तो दाबतो, ती श्वास घ्यायला थांबली की पंखा वर आणतो. ख्यालात हे चालत नाही.

मित्र म्हणत होता, फोकसराइट कंपनीचा स्कारलेट घे. मला पैसे वाचवायचे होते, म्हणून स्वस्तातला घेतला. त्या वेळी गेनचा, म्हणजे माइकचा सिग्नल किती मोठा करता येतो त्याचा, आकडा बघितला नाही, ही चूक माझी. २०२३ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या स्कारलेट टू-आय-टूला ६९ डीबी गेन आहे, तिसऱ्या पिढीला ५६ होता. माझ्या डब्यात ५०. माइक भजनी मंडळाचा जुना एसएम५८. हा डायनॅमिक माइक आहे, त्यातून सिग्नल मुळात बारीक येतो. आई तोंडापासून चार बोटांवर माइक धरून गायली तर ठीक, पण ती तशी कधी गायलेली नाही. ती वीतभर लांब बसते, आणि मग गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवावं लागतं. शेवटच्या पाव फेऱ्यात सूं असा आवाज चढतो. ही माझी कायमची तक्रार होईल असं वाटत होतं.

पण पहिल्याच आठवड्यात हम, म्हणजे खालून सतत येणारी घरघर, सुरू झाला.

दुसऱ्या इनपुटला इलेक्ट्रॉनिक तानपुरा वायरीने जोडला होता. हेडफोन लावताच आई म्हणाली, "अरे, हा खाली दुसरा कोण बोलतोय? तानपुरा उतरलाय का?" मला नुसती घरघर ऐकू येत होती, तिला त्यात सूर ऐकू आला. रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या सुराला किती आवाज आहे तो आलेख, उघडला तर ५०, १००, १५०, २०० हर्ट्झवर सुळके उभे. म्हणजे आपल्या घरातली वीजच, ती ५० हर्ट्झची असते. आई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाते. तिचा मध्य षड्ज साधारण २०७.७ हर्ट्झवर येतो आणि हमचा सुळका बरोबर २०० वर. पांढरी पाचच्या किंचित वर, काळी चारच्या बराच खाली. धड नी नाही, धड सा नाही. तानपुऱ्याच्या सा खाली कोणीतरी सतत बेसूर बसून राहिल्यासारखं. बहुतेक परीक्षणांत हमबद्दल "थोडा नॉइज आहे" एवढं लिहून पुढे जातात. सा लावून गाणाऱ्या माणसासाठी तो नॉइज नसतो, तो चुकीचा सूर असतो. इक्वलायझरने २०० कापून बघितलं, तर आईच्या आवाजाची छातीच गेली. पत्र्याच्या डब्यातून गातेय असं वाटायला लागलं.

इंटरफेस पुण्याला सर्व्हिस सेंटरला कुरिअर केला. बारा दिवसांनी परत आला. सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही, तपासणी शुल्क ५०० अधिक जीएसटी, एकूण ५९० रुपये. वॉरंटीत असताना! फोन केला तर म्हणे, दोष निघाला असता तर शुल्क लागलं नसतं. माझ्याकडे हम येतोय, रेकॉर्डिंग पाठवतो म्हटलं, तर मूळ खोक्यासकट पुन्हा पाठवा म्हणाले. त्या दिवशी एक स्टारचा अभिप्राय लिहून तयार ठेवला होता.

दुसऱ्या वेळी मी स्वतः घेऊन गेलो, सांगलीहून एसटीने. काउंटरवरच्या मुलाने त्यांच्या कॉम्प्युटरला लावला. शांत. अगदी शांत. मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून एक वयस्कर टेक्निशियन आले आणि त्यांनी एकच विचारलं, "लॅपटॉपचा चार्जर काढून बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. घरी येऊन चार्जर उपसला, हम गेला. परत लावला, परत आला. तेव्हा एक गोष्ट आठवली. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की झिणझिण्या यायच्या. वर्षभर येत होत्या, मी लक्ष दिलं नव्हतं.

वायरमन आला. त्याने लॅपटॉपच्या कोपऱ्याला टेस्टर लावला, तर आतला दिवा मंद पेटला. मग होल्डरला बल्ब लावून त्याची एक वायर फेजला आणि दुसरी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात धरली. बल्ब पेटलाच नाही. सॉकेट उघडलं तर हिरवी वायर मागे गुंडाळून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही. घर १९८४ सालचं, तीन पिनांची सॉकेटं नंतर बसवली, अर्थिंग कोणी केलंच नव्हतं. चार्जरमधून झिरपणारी वीज जमिनीत जाऊ शकत नव्हती, म्हणून ती लॅपटॉपच्या पत्र्यावर, यूएसबीतून इंटरफेसच्या धातूच्या अंगावर आणि तिथून तानपुऱ्याच्या साध्या वायरीत उतरत होती. माइकची एक्सएलआर वायर बॅलन्स्ड असते, म्हणजे तिच्यात सिग्नल दोन तारांतून उलटसुलट जातो आणि आत येणारा असा गोंधळ बराचसा एकमेकांत मिटतो. तानपुऱ्याच्या वायरीला ती सोय नाही.

परसात खड्डा, प्लेट, कोळसा, मीठ, वायर, मजुरी धरून ३,८०० रुपये लागले. म्हणजे इंटरफेसच्या निम्मे. मला ते एकदाही जड वाटले नाहीत, कारण त्याच सॉकेटवर मिक्सर आणि इस्त्रीही चालते. आणि एक कळकळीने सांगतो: हम घालवायला चार्जरची अर्थिंगची पिन कापा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माइक ओठांपाशी असतो. ज्या पत्र्यावर वीज येऊ शकते, त्याची जमिनीकडची वाट तोडायची नसते.

अर्थिंगनंतर हम जवळजवळ गेला. उरलेला तानपुरा बॅटरीवर चालवल्यावर गेला. एक स्टारचा अभिप्राय पुसून टाकला. पण ५९० रुपयांचा राग अजून आहे. इंटरफेस ठणठणीत होता हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग चिठ्ठीवर "चार्जर काढून बघा" एवढे तीन शब्द लिहायला काय जात होतं? रोज कितीतरी घरांतून हीच तक्रार येत असणार.

बाकीचं थोडक्यात. लेटन्सीची, म्हणजे आवाज कानात उशिरा येण्याची, मला अडचण आली नाही. आई डायरेक्ट मॉनिटरवर ऐकते, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट कानात येतो. फक्त या डब्यात तो एकाच कानात येतो, म्हणून बाजारातून मोनोचा जोड आणून लावलाय. यूएसबीची खाच अजून घट्ट आहे.

गेनची तक्रारही आता पहिल्यासारखी राहिली नाही. मार्चमध्ये एका विद्यार्थ्याचा कंडेन्सर माइक उसना मिळाला. तो विजेवर चालतो, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट दिले की सिग्नल इतका येतो की बटण अर्ध्यावर पुरतं. मग वायरीतला तानपुरा काढलाच आणि आईचा मिरजेचा तानपुरा खाली घेतला. माइक भोपळ्यासमोर नाही, घोडीपासून हातभर वर. पहाटे साडेपाचला, पंखा आणि फ्रिज बंद करून. आईने खर्जाच्या तारेखालचा दोरा नखाने केसभर सरकवला आणि जवारी, म्हणजे तारेची घोडीवरची झणकार, उघडली, तर ते उघडणंसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. साडेसात हजारांच्या डब्याकडून मला याहून जास्त काही नको.

आतापर्यंत २३ बंदिशी झाल्या. पहिल्या तीन महिन्यांतल्या नऊ हमवाल्या होत्या. त्यातल्या आठ पुन्हा गाऊन घेतल्या. नववीचा अंतरा आईला आता आठवत नाही. वहीत तो नाही. ते एक रेकॉर्डिंग हमसकट ठेवलंय.