परीक्षेची नियमावली, दोन सत्रं वापरून : पाचपैकी साडेतीन तारे

चौदा वर्षं नोकरी केल्यावर मी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं. संख्याशास्त्र, अर्धवेळ. प्रवेशाच्या दिवशी कागदांचा जो गठ्ठा हातात पडला त्यात चाचण्या आणि अंतिम परीक्षांच्या नियमांची चव्वेचाळीस पानी पुस्तिका होती. वर्गातल्या बाकी कुणी ती उघडलीसुद्धा नाही. त्यांना काही अडलं की ते ग्रुपवर विचारतात. मी वाचली, कारण मला रजा टाकायला महिनाभर आधी तारखा कळाव्या लागतात. आता नऊ चाचण्या आणि सहा अंतिम पेपर देऊन झाल्यावर लिहितेय. पेपर कसे गेले ते विचारू नका. हे परीक्षण फक्त नियमांचं आहे.

आधी चांगलं. कलम ३.१ म्हणतं की सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने चाचण्यांच्या तारखा, कालावधी आणि गुणांचा वाटा लेखी द्यायचा. एकदा दिलेली तारीख बदलायची तर सगळ्या वर्गाची संमती हवी, आणि खरी गंमत पुढच्या ओळीत आहे : हरकत शिक्षकाकडे नोंदवायची नाही, परीक्षा विभागाकडे नोंदवायची, नाव गुप्त. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने वर्ग आतून पाहिलेला आहे. आमच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "चाचणी पुढच्या बुधवारी घेऊ, कुणाची हरकत नाही ना?" अर्थातच सगळे गप्प. सरांसमोर हात कोण वर करणार? मी संध्याकाळी फॉर्म भरला, कारण त्या बुधवारी ऑफिसात वर्षअखेरचा हिशोब होता आणि रजा मंजूर होती ती आधीच्या बुधवारची. चाचणी जागच्या जागी राहिली. वर्ग दोन दिवस त्या अज्ञात माणसाला शिव्या घालत होता. मीही घातल्या दोन-चार, संशय नको म्हणून.

त्यामानाने कलम ३.४ अगदीच पोकळ. शिकवण्याच्या शेवटच्या आठवड्यात दहा टक्क्यांहून जास्त वजनाची चाचणी घ्यायची नाही, असा नियम. हेतू उघड आहे, अंतिम परीक्षेच्या तोंडावर पोरांना श्वास घेऊ द्या. प्रत्यक्षात पहिल्या सत्रात मला त्या एकाच आठवड्यात तीन चाचण्या आल्या, प्रत्येकी साडेनऊ टक्क्यांची. साडेनऊ! तिन्ही शिक्षकांना हा आकडा वेगवेगळा सुचला असेल यावर माझा विश्वास नाही. नियम एका चाचणीवर आहे, विद्यार्थ्याच्या आठवड्यावर नाही, ही त्यातली चूक.

चाचण्यांनाच माझा विरोध नाही, उलट आहेत म्हणून मी तरले. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आम्हाला उदाहरण म्हणून दिला होता. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या प्रकारातलं ४२ टक्के आठवलं, दुसऱ्यातलं ५६. म्हणजे चाचणी हा अभ्यासच आहे. पण तो सत्रभर पसरलेला हवा. शेवटच्या पाच दिवसांत कोंबलेल्या तीन चाचण्यांमधलं मला आज काय आठवतंय? ते 'साडेनऊ'.

आता वेळापत्रक. परीक्षासत्र एकवीस दिवसांचं. माझे पेपर तीन. आणि तिन्ही चोवीस तासांत : गुरुवारी दुपारी दोनला, शुक्रवारी सकाळी साडेनऊला आणि शुक्रवारी पुन्हा दुपारी दोनला. कुणीतरी माझ्यावर डूख धरून हे लावलंय असंच पहिल्यांदा वाटलं. मग आमच्याच विषयातली गोष्ट म्हणून शोधत गेले तेव्हा कळलं की हे असं होणं अगदी पद्धतशीर आहे.

वेळापत्रक लावायची मूळ कल्पना रंगवण्याची आहे. प्रत्येक विषय म्हणजे कागदावरचा एक ठिपका. एखादाही विद्यार्थी ज्या दोन विषयांत सामाईक आहे ते ठिपके रेघेने जोडायचे. मग जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग येणार नाही असं सगळं रंगवायचं. एक रंग म्हणजे परीक्षेची एक वेळ. वेल्श आणि पॉवेल यांनी १९६७ साली यासाठी सोपी रीत मांडली : ज्या ठिपक्याला सर्वांत जास्त रेघा त्याला आधी रंग, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. म्हणजे शेकडो पोरांचे मोठे विषय आधी बसतात आणि माझ्यासारखीचा दुसऱ्या विभागातून घेतलेला, अकरा जणांचा विषय उरल्यासुरल्या जागी जातो.

दोन पेपर एकाच वेळी न येणं एवढंच रंगवण्यातून साधतं. ते लागोपाठ येऊ नयेत म्हणून कार्टर, लापोर्त आणि ली यांची १९९६ सालची दंड मोजायची पद्धत आहे. एका विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या वेळांना आले तर १६ गुणांचा दंड, मध्ये एक वेळ मोकळी असेल तर ८, मग ४, २, १. सगळ्यांचा दंड एकत्र करायचा आणि विद्यार्थिसंख्येने भागायचं. जितका कमी आकडा, तितकं वेळापत्रक चांगलं. आणि इथेच मी हरवले. सरासरीत! हजारो जणांना चार-चार दिवसांची सुट्टी मिळाली की माझा शुक्रवार त्या भागाकारात दिसतसुद्धा नाही. आमचं विद्यापीठ नेमकी कुठली पद्धत वापरतं ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही, पण सरासरीवर चालणाऱ्या कुठल्याही पद्धतीत हेच होणार.

म्हणूनच कलम ५.२ मला पुस्तिकेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं : चोवीस तासांत तीन पेपर आले तर एक पुढे ढकलून मागण्याचा हक्क. सरासरीने गिळलेल्या माणसाला बाहेर काढायची ही एकच दोरी. अर्ज परीक्षेच्या चार आठवडे आधी करायचा. अंतिम वेळापत्रक लागतं तीन आठवडे आधी. हो, बरोबर वाचलंत. खिडकीवरच्या गृहस्थांना मी हे दाखवलं. त्यांनी पुस्तिका आपल्याकडे फिरवून दोनदा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, कच्चं वेळापत्रक लागतं ना पाच आठवडे आधी, त्यावरून करायचा अर्ज." कच्च्यात माझे पेपर वेगवेगळ्या आठवड्यांत होते. यासाठी एक पूर्ण तारा कापतेय. तिन्ही पेपर दिले.

दोन पेपरांमध्ये किमान दीड तासाची सुट्टी असलीच पाहिजे, हेही पाचव्या कलमातच आहे. ती पर्यवेक्षकांच्या जेवणासाठी असेल असं मी धरून चालले होते. पण डेन्मार्कच्या शाळकरी मुलांच्या सुमारे २० लाख चाचण्यांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की दिवस जसा चढतो तशी कामगिरी दर तासाला प्रमाण विचलनाच्या (म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) ०.९ टक्क्याने उतरते, आणि वीस-तीस मिनिटांच्या सुट्टीनंतर १.७ टक्क्यांनी सावरते. आकडे बारीक आहेत आणि मुलं शाळेतली. तरी त्या शुक्रवारी मी त्या दीड तासात वही न उघडता बाकावर आडवी झाले, त्याचा मला पश्चात्ताप नाही.

सभागृहातल्या नियमांत एकच ओळ घोटाळ्याची निघाली : 'वेळ सभागृहातील घड्याळानुसार धरली जाईल.' मनगटी घड्याळं आणि मोबाईल बाहेर बॅगेत. आमच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. पर्यवेक्षक बाईंनी स्वतःच्या घड्याळात साडेनऊ वाजताच पेपर वाटला, फळ्यावर '९.३० ते १२.३०' लिहिलं. भिंतीवर तेव्हा नऊ तेवीस. शेवटी भिंतीवर बारा तेवीस झालेले असताना त्या म्हणाल्या, "पेन खाली." मी शेवटचं उपप्रमेय नेमकं त्या सात मिनिटांवर टाकलं होतं. कलमाचा क्रमांक सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्या घड्याळाने सुरू केलं त्याच घड्याळाने संपवतेय. पूर्ण तीन तास दिलेत." बरोबरच होतं त्यांचं, मिनिटाने कमी दिलं नव्हतं. माझंही बरोबर होतं. मुख्य पर्यवेक्षकांना बोलावलं, त्यांनी पुस्तिका मागवली, आणि वाद मिटेपर्यंत भिंतीवर साडेबारा वाजले.

चौथ्या प्रश्नाच्या तक्त्यातली शेवटची ओळ छापायची राहिली होती, ती वेगळीच कथा. विषयाच्या शिक्षकाने पहिला अर्धा तास फोनवर उपलब्ध राहायचं, हा नियम उत्तम, आणि सर होतेही उपलब्ध. दुरुस्ती पहिल्या सभागृहात दहाव्या मिनिटाला पोचली, आमच्या तिसऱ्यात चाळिसाव्या. तोवर मी काय-वर्ग चाचणीचं (तक्त्यातले आकडे अपेक्षेशी जुळतात का ते तपासायची संख्याशास्त्रातली रीत) दीड पान चुकीच्या स्वातंत्र्यांशावर, म्हणजे तक्त्यातल्या ओळींच्या संख्येवरून ठरणाऱ्या आकड्यावर, लिहून बसले होते. उशिरा कळलेल्यांना वाढीव वेळ द्यावा का, यावर पुस्तिका गप्प आहे. पुढे त्या उपप्रश्नाचे गुण सरसकट सगळ्यांना दिले, दीड पान खोडणाऱ्यांना आणि कोरं ठेवणाऱ्यांना सारखेच.

आजारपण, फेरतपासणी, उत्तरपत्रिका पाहायला मिळणं यावरची कलमं सरळ आहेत आणि चालतात. उत्तरपत्रिका पाहायला गेले तेव्हा दहा मिनिटांत समोर ठेवली, एक बेरीज चुकलेली होती, तिथेच दुरुस्त झाली.

या सत्राची नवी आवृत्ती परवा आली. पंचेचाळीस पानं. अर्जाची मुदत अजून चार आठवडे, वेळापत्रक अजून तीन. घड्याळाच्या कलमात मात्र एक वाक्य वाढलंय : 'पेपर सुरू होण्यापूर्वी घड्याळ तपासून घ्यावे.' कुणी, ते लिहिलेलं नाही.