माझ्या एका सहीत 21 दिवस गेले

यजमान वारल्यावर त्यांचे 4,000 शेअर माझ्या नावावर झाले. शिरोली एमआयडीसीतली आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. एकूण शेअर 10,000, बाकीचे धाकट्या दिरांचे आणि जाऊबाईंचे. वर्षश्राद्धाच्याच आठवड्यात भाऊजी फाईल घेऊन आले. "वहिनी, सीएकडं द्यायचेत. पेन्सिलची खूण आहे तिथं सह्या करा." चहा गॅसवर होता. मी उभ्याउभ्याच केल्या.

आठ महिन्यांनी माझ्या मुलानं एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर 100 रुपये भरून कंपनीचे कागद उघडले. विशेष सर्वसाधारण सभा होऊन गेली होती. 10,000 नवे शेअर त्या दोघांनी घेतले होते. माझा हिस्सा 40 टक्क्यांवरून 20 वर आला होता, आणि सभा झाल्याचंच मला ठाऊक नव्हतं.

कायदा मला उशिरा कळला, तुम्हांला वेळेत कळावा. कंपनी कायदा 2013, कलम 101. सभेची नोटीस प्रत्येक भागधारकाला लेखी किंवा ईमेलनं, पूर्ण 21 दिवस आधी मिळायला हवी. पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात मोजायचा नाही. प्रायव्हेट कंपनीला आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत, वेगळी मुदत ठेवता येते, आमच्यात ती नव्हती. तुमची आर्टिकल्स एकदा काढून वाचाच.

असे शेअर द्यायला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूनं हवीत. 60 विरुद्ध 40 मध्ये तो पडलाच असता. मी सभेला नसले तरच तो मंजूर होणार होता.

कमी मुदतीत सभा घ्यायची तर 95 टक्के भांडवल असलेल्या भागधारकांची संमती लागते. माझ्या सहीवाचून ती मिळणं शक्यच नव्हतं. आणि ती त्या फाईलमध्ये होती: 'अल्प मुदतीच्या नोटिशीस माझी संमती आहे.' खाली माझी सही, तारीख मात्र दुसऱ्याच अक्षरात.

घरच्या माणसासमोर कागद वाचत बसायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. तरी वाचा. तारीख स्वतःच्या हातानं घाला, तिथल्या तिथं मोबाईलवर फोटो घ्या. सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त पाहायचा हक्क प्रत्येक भागधारकाला आहे, तो वापरा.

भागधारकावर अन्याय झाला तर दाद मागायचं कलम 241 आहे, त्याखाली मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अर्ज केलाय. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सही तुमचीच ना?" हो म्हणावं लागलं.